अठरा नंबरचं कलम : विमा नियामक प्राधिकरणास खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद

स. न. वि. वि.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात राहते. गेली चौदा वर्षं इथल्या एका खासगी प्रसूती रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरवर काम करते. डिपॉझिटची पावती फाडणं, रोजचं बिल चढवणं, विम्याचे कागद स्कॅन करून पाठवणं आणि कंपनीचं उत्तर आलं की ते पेशंटच्या माणसांना समजावून सांगणं, हे माझं काम. त्यातलं शेवटचं सगळ्यात जड. आत बाई टाके सांभाळत बाळाला पाजायला बघत असते आणि बाहेर मी तिच्या नवऱ्याला किंवा वडिलांना सांगत असते, "दादा, कंपनीनं नाही म्हटलंय." ते विचारतात, "का?" त्या प्रश्नाचं उत्तर मला आता पाठ आहे. पण इतक्या वर्षांत ते मला एकदाही पटलेलं नाही. ते उत्तर बदलणं माझ्या हातात नाही, तुमच्या हातात आहे, म्हणून हे पत्र.

२०१९ साली तुम्ही आरोग्य विम्यात कशाकशाचे पैसे मिळणार नाहीत याची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी करून दिली आणि प्रत्येक कलमाला नंबर दिला. ते काम फार चांगलं झालं. त्याआधी दर कंपनीची इंग्रजी वेगळी असायची आणि आमच्यासारख्यांना काहीच उलगडायचं नाही. त्या यादीत १८ नंबरला बाळंतपण आहे. कलम छोटं आहे, दोन तुकड्यांचं. पहिला तुकडा म्हणतो की ज्या उपचाराचा संबंध बाळंतपणाशी जोडता येतो त्याचा खर्च मिळणार नाही, मग ते गुंतागुंतीचं बाळंतपण असो की सिझर. अपवाद एकच, गर्भ पिशवीबाहेर राहिला असेल तर. दुसरा तुकडा म्हणतो की गर्भपाताचा खर्च मिळणार नाही, तो अपघातामुळे झाला असेल तेवढं सोडून. कायद्यानं परवानगी दिलेल्या गर्भपाताचाही नाही. पॉलिसीत बाळंतपणाचं वेगळं कव्हर नसेल, किंवा असूनही त्याची मुदत, म्हणजे कव्हर लागू होण्याआधी थांबायचे महिने, भरलेली नसेल, तर हे कलम आडवं येतं. २०२० मध्ये सामान्य माणसाला परवडावी म्हणून तुम्ही आणलेल्या आरोग्य संजीवनी पॉलिसीतही हे कलम आहेच.

माझ्या बहिणीच्या मुलीची गोष्ट सांगते, कारण ती मी काउंटरच्या दुसऱ्या बाजूला उभी राहून पाहिली.

ती लग्न होऊन पुण्याला गेली. जावई एका वर्कशॉपमध्ये मशीन चालवतो. त्याचा पगार महिना एकवीस हजारांच्या वर गेला आणि ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचं, कार्ड बंद झालं. मालकाकडं ग्रुप विमा नाही. पोरगा समजूतदार, लग्नानंतर सहा महिन्यांत त्यानं दोघांची पाच लाखांची पॉलिसी काढली. आणि पॉलिसी निवडताना मला फोन करून विचारलं, मी सांगितलं म्हणून बाळंतपणाचं कव्हर असलेलीच घेतली. त्याची मुदत छत्तीस महिने होती. आपण नवी लग्न झालेली जोडपी, घरात सगळे वाट बघत असतात, छत्तीस महिने कोण थांबतं? विसावा महिना चालू होता तेव्हा ती चौतिसाव्या आठवड्यात होती.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. ओटी भरली आणि ती सातव्या महिन्यातच गावाला आली होती. एका रात्री म्हणाली, "मावशी, डोकं ठणकतंय आणि डोळ्यापुढं काजवे चमकतायत." बीपी १७०/११० आलं. पाय आधीच सुजलेले होते, लघवीत प्रोटीन होतं. आमच्या डॉक्टर मॅडमनी इंजेक्शन देऊन लगेच मोठ्या ठिकाणी न्यायला सांगितलं. ॲम्ब्युलन्समध्ये तिला पहिला झटका आला. मी तिच्या डोक्याशी बसले होते. तिची जीभ दाताखाली येऊ नये म्हणून तिला कुशीवर धरून ठेवण्यापलीकडं माझ्या हातात काही नव्हतं. पोचल्यावर तासाभरात सिझर केलं. बाळ एक किलो सातशे ग्रॅमचं. सरकारी रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात जागा नव्हती, सरकारच्या मोफत उपचारांच्या फुले योजनेत बसणाऱ्या एका खासगी ठिकाणी विचारलं तिथंही नव्हती. ज्या ठिकाणी पेटी मोकळी मिळाली तिथं बाळाला ठेवलं. ते ठिकाण योजनेत नव्हतं. बाळ एकोणीस दिवस पेटीत होतं.

कॅशलेसचं, म्हणजे कंपनीनं बिल थेट रुग्णालयाला भरावं या मागणीचं, उत्तर तासाभरात आलं. २९ मे २०२४ च्या तुमच्या परिपत्रकानं कंपन्यांना तशी वेळ बांधून दिली आहे आणि ती पाळली गेली, हे मी मान्य करते. उत्तरात एकच ओळ होती आणि तिच्यात १८ नंबर होता. आईचं बिल झालं एक लाख अडतीस हजार. बाळाचं दोन लाख चौऱ्याहत्तर हजार. बाळाच्या बिलाला नकार मिळाला तो वेगळ्या कारणानं. बाळंतपणाचं कव्हर लागू झालेलं नसल्यामुळं बाळ पहिल्या दिवसापासून विम्यात धरलं जात नाही, ते एक्याण्णवाव्या दिवसापासून जोडता येतं. बऱ्याच पॉलिसींमध्ये हेच आहे. बाळाच्या आयुष्यातले सगळ्यात धोक्याचे दिवस म्हणजे पहिला महिना. नेमके तेच दिवस विम्याच्या बाहेर.

पाच लाखांची पॉलिसी खिशात असताना माझ्या बहिणीनं चार तोळ्यांचा ऐवज सोनेतारणाला ठेवला आणि जावयानं गावातल्या पतसंस्थेकडून कर्ज काढलं. आम्ही विमा लोकपालांकडंही चौकशी केली. पण कलम पॉलिसीत छापलेलं, पॉलिसीवर सही केलेली. लोकपाल करार बघणार, आणि करारात कंपनीची बाजू बरोबर आहे. म्हणूनच मी त्या कंपनीविरुद्ध लिहीत नाही. कंपनीनं तुम्ही दिलेलं कलम वाचलं आणि लावलं.

आता मला जे म्हणायचंय ते. बाळंतपण ठरवून येतं, हे मला मान्य आहे. विमा कशासाठी, तर अचानक आलेल्या गोष्टीसाठी. नऊ महिने आधी कळलेल्या खर्चाला विमा कशाला, असं तुमचे लोक म्हणत असतील तर त्यात तथ्य आहे. पण बाळंतपणात येणारं संकट ठरवून येत नाही. झटके ठरवून येत नाहीत. बाळाला पोसणारी वार आत राहून रक्ताची धार लागते, ती कुणी तारीख बघून लावत नाही. पिशवी फाटणं, बाळंतपणानंतर अंगभर जंतुसंसर्ग होणं, फुप्फुसात पाणी भरणं, यातलं काहीही तिनं निवडलेलं नसतं. एखाद्या पुरुषाला बीपी वाढून झटके आले आणि तो आयसीयूत गेला तर त्याचे पैसे मिळतात. तोच झटका पोटात बाळ असताना आला की मिळत नाहीत. आजार तोच, आयसीयू तेच, औषधही पुष्कळदा तेच.

आणि हे तत्त्व तुम्ही स्वतः मान्य केलेलं आहे. गर्भ नळीत राहिला तर खर्च द्यायचा, असं त्याच कलमात लिहिलंय. का लिहिलंय? कारण तिथं बाईचा जीव जाऊ शकतो आणि त्यात कुणाचा हात नसतो. मग तेच कारण वार खाली असलेल्या बाईला का लागू होत नाही? तिचाही जीव त्याच रक्तस्रावानं जातो. जो दरवाजा तुम्ही एका आजारापुरता उघडलाय, तोच तेवढ्याच कारणानं आणखी पाच-सहा आजारांना उघडा, एवढंच माझं मागणं आहे.

कलमाच्या दुसऱ्या तुकड्याबद्दल मला जास्त त्रास होतो. गेल्या पावसाळ्यात अकरा आठवड्यांची एक पेशंट आली. खूप रक्त जात होतं, रात्रीच पिशवी साफ करावी लागली. लग्नाला सहा वर्षं झालेली, दिवस पहिल्यांदाच राहिलेले. नवरा कॉलेजात शिपाई. कंपनीच्या माणसाशी फोनवर बोलून तो माझ्याकडं आला आणि मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, ती पायरीवरून घसरली असं लिहाल का?" त्याला फोनवर कुणीतरी सांगितलं होतं की अपघात असेल तर बसतं. मी नाही म्हटलं. डॉक्टरांच्या कागदावर खोटं लिहिता येत नाही, आणि पुढं चौकशी निघाली तर त्याचीच पॉलिसी रद्द झाली असती. पण ते म्हणून झाल्यावर मला रात्रभर झोप आली नाही. तो खोटारडा माणूस नव्हता. तुमच्या कलमानं त्याच्यापुढं दोनच वाटा ठेवल्या होत्या, खोटं बोल नाहीतर भर. आपोआप होणारे बहुतेक गर्भपात सुरुवातीच्या तीन महिन्यांतले असतात आणि त्यांतले पुष्कळ गर्भातल्याच दोषामुळं होतात, हे कुठलाही स्त्रीरोगतज्ज्ञ सांगेल. पायरीचा त्यात संबंध नसतो. 'अपघात असेल तर' ही अट ज्या कुणी घातली त्यानं गर्भपात म्हणजे काय ते कधी जवळून पाहिलेलं नसावं.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं मी रोज ऐकते, ते टाळून पुढं जाणार नाही. तिसऱ्या महिन्यात पेशंट नाव घालायला येते आणि नवरा काउंटरवर विचारतो, "आता कुठली पॉलिसी काढली तर बसेल?" असे मी किती पाहिले याचा हिशोब नाही. दिवस राहिल्यावर विमा काढायचा आणि बाळंतपण झालं की सोडून द्यायचा, असं सगळे करायला लागले तर बाकीच्यांचा हप्ता वाढणार, हे मला कळतं. म्हणून नेहमीच्या, सुखरूप बाळंतपणाला मुदत ठेवा. पण ती नऊ महिने किंवा फार तर वर्षभर पुरे. पॉलिसी घेताना दिवस नव्हते एवढं त्यानं सिद्ध होतं. छत्तीस महिन्यांनी त्याहून वेगळं काय सिद्ध होतं? आधीपासून असलेल्या आजारांची मुदत तुम्ही एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त ४८ महिन्यांवरून ३६ वर आणली. मधुमेहाला आणि गरोदरपणाला एकाच मापानं मोजायचं असं बाजारात चाललंय, ते तुमच्या नजरेला यायला हवं.

आणि सिझरबद्दलही बोलते, मी ज्या धंद्यात आहे त्याची बाजू लपवत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या पाहणीत देशभरातल्या खासगी रुग्णालयांतली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरनं झालेली आढळली. सरकारी रुग्णालयांत हा आकडा १४.३ टक्के होता. निसर्गात एवढा फरक नसतो. उद्या सगळ्या पॉलिसींनी सिझरचे पैसे सरसकट द्यायचे ठरवले तर हा आकडा आणखी वर जाईल ही भीती मला खोटी वाटत नाही. म्हणून मी सिझरचे पैसे मागत नाही. ऑपरेशन बघून पैसे देऊ नका, निदान बघून द्या. झटके, अतिरक्तस्राव, वार खाली असणं किंवा आत चिकटणं, पिशवी फाटणं, जंतुसंसर्ग, गरोदरपणामुळं आयसीयूत जावं लागणं. यांचे पुरावे असतात. बीपीचा चार्ट असतो, रक्ताच्या पिशव्यांचे नंबर असतात, सोनोग्राफीचा रिपोर्ट असतो. चार पैसे जास्त मिळावेत म्हणून कुणाच्या रक्ताचा रिपोर्ट सहासहा तासांनी खाली येत नाही.

जुन्या गोष्टी मला फार माहीत नाहीत, पण एक माहीत आहे. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूनं बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणं यात देशाचं हित आहे आणि त्याचा भार मुख्यतः सरकारनं उचलावा, अशी त्यांची मांडणी होती. पुढच्या वर्षी, १९२९ मध्ये, मुंबई प्रांतात तसा कायदा झाला. बाळंतपणाचा बोजा एका घरावर पडू नये, तो पुष्कळांनी मिळून उचलावा, हा विचार आपल्या भागात शंभरीला आला. विमा म्हणजे तरी दुसरं काय? पुष्कळांनी थोडं थोडं भरायचं आणि ज्याच्यावर येईल त्याला द्यायचं.

अलीकडचं एक उदाहरण तर तुमच्याच कामाशी जोडलेलं आहे. २०२१ च्या सरोगसी कायद्यात अशी अट आहे की दुसऱ्यासाठी मूल वाढवणाऱ्या बाईच्या नावानं छत्तीस महिन्यांचा विमा काढावाच लागतो आणि त्यात बाळंतपणानंतरच्या गुंतागुंती आल्या पाहिजेत. ही अट योग्यच आहे. त्या बाईचा जीव धोक्यात असतो आणि तिच्या पाठीशी कुणी असायला हवं. पण याचा अर्थ संसदेनं मान्य केलं की बाळंतपणानंतरची गुंतागुंत हा विम्याचा विषय आहे, आणि ती तीन वर्षांपर्यंतही डोकं वर काढू शकते. माझी भाची स्वतःच्या मुलासाठी त्याच टेबलावर झोपली होती. तिच्यासाठी छत्तीस महिन्यांचा आकडा उलटा लागला.

मानसिक आजारांचंही पाहा. २०१७ च्या कायद्यानं सांगितलं की शारीरिक आजाराला जसा विमा, तसाच मानसिक आजाराला द्यायचा. त्याआधी तेही असंच एका ओळीत वगळलेलं असायचं. ते होऊ शकलं, तर हेही होऊ शकतं.

आता छोट्या गावांबद्दल थोडं, कारण हैदराबाद-मुंबईत बसून हे दिसत नसणार. आमच्या रुग्णालयात आठ खाटा आहेत. तालुक्याच्या गावातली बहुतेक प्रसूतिगृहं अशीच असतात, पाच, सहा, आठ खाटांची. पॉलिसीतली रुग्णालयाची व्याख्या मी इतक्या वेळा वाचली आहे की मला ती तोंडपाठ आहे. स्थानिक यंत्रणेकडं कायद्याखाली नोंदणी असलेलं रुग्णालय, 'किंवा' पुढच्या अटी पुऱ्या करणारं. त्या पुढच्या अटींत दहा लाखांपेक्षा कमी वस्तीच्या गावात किमान १० खाटा आणि इतरत्र १५ खाटा, असं आहे. आमची नोंदणी १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखाली आहे, म्हणजे आम्ही त्या 'किंवा'च्या अलीकडं बसतो. तरी तीन वर्षांपूर्वी मुंबईच्या एका सुनेचा, तिच्या नवऱ्याच्या ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीवरचा क्लेम 'दहा खाटा नाहीत' म्हणून परत आला. मी व्याख्येची झेरॉक्स काढली, 'किंवा' या शब्दाखाली लाल रेघ मारली, नोंदणीचा दाखला जोडला आणि पाठवलं. उत्तर आलं, पुन्हा तेच. चार महिने, तीन पत्रं. शेवटी त्यांच्या तक्रार विभागातल्या कुणीतरी ते नीट वाचलं आणि पैसे दिले. त्या घरात मी कागद लिहून देणारी होते म्हणून. ज्यांच्याकडं कुणी नसतं ते दुसऱ्या पत्राला थकतात.

जानेवारी २०२४ मध्ये सर्वसाधारण विमा कंपन्यांनी 'कॅशलेस एव्हरीव्हेअर' सुरू केलं, कुठल्याही रुग्णालयात कॅशलेस. आम्हाला केवढा आनंद झाला होता. मग कळलं की त्याला १५ खाटा लागतात. आपल्याकडं पोरगी बाळंतपणाला माहेरी येते, आणि माहेर पुष्कळदा गावातच असतं. पॉलिसी सासरच्या शहरात निघते आणि बाळंतपण आठ खाटांच्या दवाखान्यात होतं. म्हणजे आधी सगळे पैसे रोख भरायचे आणि मग कागद पाठवून वाट बघायची. सरकारी रुग्णालयात जा, असं कुणी म्हणेल. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, गाडी, सगळं मोफत आहे आणि आमच्याकडच्या निम्म्याहून जास्त बायका तिथंच जातात. तिथल्या सिस्टर फार चांगलं काम करतात, मी त्यांना ओळखते. पण रात्री भूलतज्ज्ञ नसला की तेही पुढं पाठवतात, आणि पुढं म्हणजे कुठं, ते त्या वेळी जागा कुठं आहे यावर ठरतं.

ग्रुप पॉलिसीत बाळंतपणाला बहुतेक ठिकाणी पन्नास हजारांची मर्यादा असते. मी या नोकरीला लागले तेव्हाही तीच होती. तेव्हाच्या पन्नास हजारांत सिझरचं बिल सुटायचं, आता आजारी बाळांच्या नर्सरीचे तीन-चार दिवस सुटतात. आणि पहिल्या दोन मुलांपुरतीच, ही अट. पहिली दोन बाळं दगावलेली बाई तिसऱ्या खेपेला आली की काय करायचं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के जीएसटी गेला. हप्ता हलका झाला, त्याबद्दल लोक खूश आहेत. पण नव्या पॉलिसी घेणाऱ्या मुलींना मी विचारते, यात बाळंतपणाचं काय? बहुतेकींना वाटतं की पाच लाखांचा विमा म्हणजे पाच लाखांचा विमा. पॉलिसीबरोबर आता एक ग्राहक माहितीपत्रक देता, आणि मागितलं तर ते स्थानिक भाषेतही द्यायचा नियम आहे, हे मला माहीत आहे. मागणार कोण? बाईचं वय पंचेचाळीसच्या आत असेल तर पहिल्याच पानावर, न मागता, तिच्या भाषेत, मोठ्या अक्षरांत छापा : गरोदरपणाशी जोडलेला कुठलाही खर्च अमुक तारखेपर्यंत मिळणार नाही, तुमच्या नवजात बाळाचा खर्च अमुक दिवसापर्यंत मिळणार नाही. महिने लिहू नका, तारीख लिहा. महिने कुणी मोजत बसत नाही.

१८ नंबरचं कलम कसं असावं ते मी माझ्या परीनं लिहून बघितलंय. सुखरूप बाळंतपणाचा आणि निव्वळ सिझरचा खर्च वेगळं कव्हर असल्याशिवाय मिळणार नाही, आणि त्या कव्हरची मुदत बारा महिन्यांपेक्षा जास्त असणार नाही. गरोदरपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतर जीव धोक्यात घालणारी गुंतागुंत झाली तर तिचा खर्च इतर आजारासारखाच पॉलिसीच्या पूर्ण रकमेतून मिळेल, मग गर्भ नळीत असो वा पिशवीत. आपोआप झालेल्या गर्भपाताच्या उपचाराचा खर्च मिळेल, कारण विचारलं जाणार नाही. आईची पॉलिसी असेल तर तिचं बाळ जन्मल्या क्षणापासून त्यात धरलं जाईल. भाषा कायद्याची नाही, ती तुमची माणसं नीट करतील. हप्ता किती वाढेल ते तुमच्याकडचे हिशोब करणारे काढतील. वाढू दे थोडा, पण तो बायकांच्याच पॉलिसीवर लावू नका, सगळ्यांवर सारखा लावा. बाळ तर सगळ्यांच्याच घरी जन्मतं.

भाचीचा मुलगा आता चौदा महिन्यांचा आहे. फरशीवर पटापट चालतो आणि माझ्या काउंटरचं ड्रॉवर उघडून पावतीपुस्तकं बाहेर काढतो. ती मागच्या आठवड्यात आली होती. जावयानं पॉलिसी सोडलेली नाही, हप्ता भरतोय, सोनं अजून सोडवायचंय. मला म्हणाली, "मावशी, दोन महिन्यांनी छत्तीस पूर्ण होतात ना? मग दुसऱ्याचा विचार करायला हरकत नाही ना?" मी तिची पॉलिसी काढून तिच्यापुढं ठेवली आणि बाळंतपणाच्या कव्हरचं पान उघडलं. मर्यादा चाळीस हजार. एकदा झटके आलेल्या बाईला पुढच्या खेपेलाही बीपी वाढण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हे आमच्या मॅडमनी तिला आधीच सांगितलंय. तिनं ते पान दोनदा वाचलं, घडी घातली आणि पिशवीत ठेवलं. ती काय ठरवेल ते मला ठाऊक नाही. तुमचं उत्तर आलं तर मी ते तिला वाचून दाखवीन.

कळावे,
एका प्रसूती रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरवरची कर्मचारी,
जिल्हा सातारा